नत्थुजीची पाचवी कमान

नत्थुजी गवंडी खोटं बोलायचा, पण त्याचं खोटं कधी पुरतं खोटं नसायचं, एवढा चांगुलपणा त्याच्यात होता. "म्या सतरा कमानी बांधल्या हायेत," असं तो छाती पुढे काढून सांगायचा, तेव्हा त्या मोजून सतराच असायच्या. फक्त त्यांतली पंधरा भडभुंज्यांच्या भट्ट्यांची तोंडं होती, सोळावा कुणाच्या तरी देवघरातला कोनाडा होता, आणि सतरावी कमान त्याच्या स्वतःच्या घरच्या मोरीची होती. कमानीखालून काय जातं हे विचारणाऱ्यानं विचारलंच नाही, तर त्यात नत्थुजीचा काय दोष?

आणि त्या दिवसांत विचारायला फुरसत होती कुणाला! अमेरिका नावाच्या कुठल्याशा मुलखात सख्खे भाऊ एकमेकांच्या उरावर बसले होते. तिकडचा कापूस तिकडेच अडकला, आणि इकडे अकोल्यापासून अमरावतीपर्यंतच्या काळ्या मातीतल्या बोंडाला असा भाव चढला, की काल ज्याच्या घराला कूड होता त्यानं आज दगडी जोतं घातलं, आणि ज्याला जोतं होतं त्यानं माडी चढवली. वऱ्हाडात थापी धरता येणारा प्रत्येक गवंडी कुणाच्या ना कुणाच्या माडीवर चढून बसला होता. जमिनीवर उरला होता तो एकटा नत्थुजी. म्हणून पूल त्याच्या वाट्याला आला.

उमा नदीच्या अलीकडे धामणपूर, पलीकडे हसनगंज. दोन्ही गावांना स्वतःला शहर म्हणवून घ्यायची हौस, आणि समोरच्याला खेडं म्हणायची त्याहून जास्त. धामणपुरात कापूस पिकायचा, हसनगंजात तो विकला जायचा, आणि मधे नदी होती, जी दोघांपैकी कुणाचंच ऐकत नव्हती. उन्हाळ्यात बंड्या वाळूत रुतायच्या, पावसाळ्यात तर चार महिने येणं-जाणं डोंग्यातून, तेही नदीची मर्जी असेल तर. शेवटी सरकारच्या साहेबानं कागदावर पाच कमानींचा पूल काढला. ठेका मिळाला हसनगंजच्या बशीरमियाँना. दगड आणि चुना ओढायला बैल दिले धामणपूरच्या महादेवरावांनी. आता महादेवराव आणि बशीरमियाँ यांचं आयुष्यात एका गोष्टीवर एकमत झालं असेल तर शपथ! पहिला दगड पडायच्या आधीच भांडण लागलं ते पुलावरून पहिलं कोणी जायचं यावर. हे म्हणायचे, कापूस आमचा. ते म्हणायचे, बाजार आमचा. दोघांनी वाजंत्रीवाले आत्तापासून सांगून ठेवले होते.

बशीरमियाँनी नत्थुजीला बाजारात गाठलं.

"कमानी बांधल्या का कधी?"

"सतरा."

"बस झालं. चल."

अशी नेमणूक झाली.

नत्थुजी मूळचा पातूरचा. त्याचा बाप पुंजाराम विहिरी बांधायचा, आणि त्या मुलखात त्याच्या हाताखाली बांधलेली विहीर ढासळली असं कुणी ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या काठीला खाली लोखंडी बोंड होतं. त्या बोंडानं तो बांधकामावर ठोकायचा, मान कलती करून ऐकायचा आणि निकाल द्यायचा. नत्थुजीनं विसाव्या वर्षी पहिली भिंत उभी केली, तेव्हा म्हाताऱ्यानं तीन ठिकाणी ठोकून पाहिलं आणि एकच शब्द बोलला, "पोकळ." शिव्या दिल्या असत्या तर नत्थुजी विसरून गेला असता. तो एक शब्द मात्र त्याच्या मनात जाऊन बसला तो बसलाच. त्याच वर्षी बायकोला घेऊन तो धामणपुराला आला, आणि पुढची वीस वर्षं बाप-लेकांनी एकमेकांची वास्तपुस्त केली नाही. तेव्हापासून नत्थुजीची एक सवय झाली होती, जी फक्त त्याच्या बायकोला, तानुबाईला माहीत होती. तो दुसऱ्याच्या भिंतीला खुशाल टेकून बसायचा. स्वतः बांधलेल्या भिंतीला त्यानं कधी पाठ लावली नाही.

तर अशा माणसाला पूल बांधायचा होता. आणि खरं सांगायचं तर तो चांगला बांधत होता! बेलफळाचा गर, गूळ आणि उडदाचं पाणी घालून मळलेला चुना तो जिभेवर ठेवून पारखायचा. दोन कमानी धामणपुराकडून, दोन हसनगंजाकडून, अशा चार झाल्या. प्रत्येक कमान आधी लाकडी साच्यावर पेलून धरायची, चुना मुरला की खालचं लाकूड काढायचं. आणि इथेच घोडं पेंड खायचं.

गवंड्यांची जुनी रीत अशी, की खालचा आधार काढायच्या दिवशी मिस्त्रीनं स्वतः कमानीखाली बसायचं. कमान राहिली तर मिस्त्रीला फेटा. पडली तर मिस्त्रीच राहत नाही, म्हणजे पुढची कटकट मिटली. पहिल्या कमानीच्या दिवशी नत्थुजीला हिवताप भरला. दुसरीच्या दिवशी पोट बिघडलं, तेही असं की दिवसभर नदीच्या उलट्या दिशेला पळत होता. तिसरीला पायात बाभळीचा काटा मोडला. चौथीला काय सांगावं सुचेना, तेव्हा तो डोळे पुसत म्हणाला, "आज माह्या बापाचं श्राद्ध हाय."

बाप पातूरला ठणठणीत होता. पण बोलून बसल्यावर श्राद्ध घालणं आलं. खीर झाली, उडदाचे वडे झाले. महादेवराव स्वतः पंगतीला आले, वडे नरम झाले म्हणून दोनदा मागून घेतले आणि म्हणाले, "मोठा कसबी मानूस होता म्हने तुहा बाप." नत्थुजीनं मान खाली घातली. लोकांना वाटलं दुःखानं.

चारही कमानी नत्थुजीवाचून उभ्या राहिल्या. पण लोकांचे डोळे काही फुटले नव्हते. घाटावर धुणं धुताना एक बाई दुसरीला म्हणाली, "ज्याचा सोताच्या कमानीवर भरोसा नाई, त्याच्या कमानीवर आपन बैल घालाव का व?" हे तानुबाईच्या कानावर पडलं. तानुबाई कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी. जिभेनं अशी की चाळीस बायांना ओळीत ठेवायची. त्या दिवशी ती घरी आली आणि सरळ चुलीपुढे बसली.

भाकरी वाढून झाल्यावर तिनं विचारलं, "अवो, एक सांगा. कमानी पक्क्या हायेत का नाई?"

"पक्क्या हायेत."

"मंग भेता कायले?"

नत्थुजीनं घास तोंडात तसाच धरला. त्याला उत्तर ठाऊक होतं, पण ते वीस वर्षांपूर्वीच्या एका शब्दात होतं, आणि तो शब्द त्याला बायकोपुढे उच्चारवेना.

दुसऱ्या दिवशी सोमवार, नदीच्या वाळूत बाजार भरलेला. नत्थुजी मिरच्यांच्या पोत्यावर उभा राहिला आणि दोन्ही गावांना ऐकू जाईल असं ओरडला, "मधल्या कमानीखाली म्या बसन! नाई बसलो तर थापी नदीत टाकन, अन् पुन्हा हाती धरनार नाई!" बोलून झालं, टाळ्या पडल्या, आणि पोत्यावरून उतरता उतरता आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं. थापी गेली म्हणजे पोट गेलं, आणि पोटापेक्षा जास्त म्हणजे तानुबाईला घाटावर तोंड दाखवणं गेलं. शिवाय मिस्त्री बसला नाही तर पुलावर एक कुत्रं चढणार नाही, हेही आता उघड होतं.

पण देव पाठीशी असावा तसं झालं. आगगाडीचा रस्ता तेव्हा वऱ्हाडात शिरत होता आणि वाटेत दिसेल ते लाकूड गिळत होता. ज्या व्यापाऱ्यानं साच्याचं सागवान भाड्यानं दिलं होतं, तो दुपटीच्या आशेनं एका दुपारी बंड्या घेऊन आला आणि सगळं लाकूड भरून घेऊन गेला. चार कमानी उभ्या, मधे भलं मोठं खिंडार. साहेब घोड्यावरून आला, खिंडाराकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि उन्हाळा कडक आहे म्हणून चिखलदऱ्याला निघून गेला. बशीरमियाँ वाळूत मांडी घालून बसले. "लाकूड नाई तर कमान नाई," ते म्हणाले.

"लई वाईट झालं," नत्थुजी म्हणाला, आणि हसू येऊ नये म्हणून त्यानं फेट्याचं टोक तोंडावर धरलं.

त्याचं हसू दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी महादेवराव आले.

झालं होतं असं, की संक्रांतीपासून कापसाचा भाव घसरत होता. तिकडचे भाऊ समेटाला आले अशी कुणकुण होती. महादेवरावांनी आपला कापूस भाव परत चढेल म्हणून धरून ठेवलेला. गासड्यांनी कोठार भरलं, ओसरी भरली, गोठा भरला. शेवटी त्यांच्या पत्नी गोदाबाईंनी सांगितलं, "या घरात आता एक तर रुई राहीन, नाई तर मी राहीन." महादेवराव दिवसभर विचार करून नदीवर आले.

"मिस्त्री, तुले कमानीखाली भरती पायजे. मले गासड्या ठेवाले जागा पायजे. माही रुई दाबून दाबून दगडावानी झाली हाय. लाव तिच्यावर कमान. भाव चढला का मात्र त्याच दिवशी माह्या गासड्या मले वापस."

नत्थुजी हसला. मग त्यानं पाहिलं की बशीरमियाँ हसत नाहीत. "बात तर बराबर हाय," ते म्हणाले. आयुष्यभरात या दोघांचं एकमत झालं ते हे एवढंच, आणि तेही नत्थुजीच्या जिवावर.

मग दोन्ही खांबांच्या मधे गासड्यांवर गासड्या चढल्या. फटीत वाळू ठासली, माथ्यावर चिखल थापून गोलाई आणली, आणि त्या पांढऱ्या डोंगरावर नत्थुजीनं दगड लावायला घेतले. रुई दबत गेली तसा तो चिखल चढवत गेला. चैत्र सरता सरता माथ्यावरचा शेवटचा, चावीचा दगड बसला. हसनगंजचे लोक म्हणाले, धामणपूरच्या पुलाला गादी लागते. धामणपूरचे म्हणाले, तुमाले सतरंजी बी जमली नसती.

चुना मुरायला चाळीस दिवस पाहिजेत. तीस झाले होते, आणि मुंबईहून आलेला एक दलाल हसनगंजच्या बाजारात सांगून गेला, की ते भाऊ पुन्हा भांडायला लागलेत, भाव चढतो आहे. महादेवराव जेवत्या ताटावरून उठून आले.

"माह्या गासड्या दे."

"चुना कच्चा हाय, महादेवराव. धा दिवस थांबा."

"धा दिवसांत ते पुन्हा गोड झाले तं? सख्खे भाऊ हायेत, काय भरोसा?"

बशीरमियाँनी आभाळाकडे पाहिलं. वैशाखातच ढग जमायला लागले होते. पूर आला तर रुईही जाईल आणि कमानही. ते म्हणाले, सोमवारी काढायचं.

सोमवारच्या आधी एक दिवस बैल लावून पाहिले. एका गासडीला दोर बांधला आणि चार जोड्या जुंपल्या. दोर तुटला, एक बैल गुडघ्यावर आला, गासडी तसूभर हलली नाही. वर अख्ख्या कमानीचं ओझं होतं, ती हलणार कशी? नत्थुजीच्या जिवात जीव आला. "नाई निघत," त्यानं जाहीर केलं. "आता काय करता! नशीब म्हनाचं."

तानुबाई कमरेवर हात देऊन उभी होती. ती पुढे झाली, विळ्यानं एका गासडीचं तरट फाडलं, आणि मूठभर रुई ओढून हातात धरली.

"निघत कशी नाई? वेचून काढू."

एक-दोघे हसले. तानुबाई त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "हसू नोका. वरची ओळ दोन्ही अंगानं बराबर वेचत गेलो, तर कमान हळूहळू खाली बसन. धक्का बसनार नाई. चाळीस बाया हायेत माह्यापाशी. वावरात एकीनं बी पात सोडली नाई कधी." पात म्हणजे वेचताना जिची तिची ओळ. तानुबाईच्या टोळीत कुणी शेजारणीच्या पुढे गेली की तिची धडगत नसायची.

नत्थुजी मनात चरकला, कारण हे बरोबर होतं. कमान उतरवायची ती अशीच उतरवायला हवी, एका बोटानं, सगळीकडून सारखी. त्यानं शेवटचा उपाय केला.

"पन मले बसाले जागाच कोठी हाय? खाली तं रुई ठासली हाय."

"जागा आमी करून देतो," तानुबाई म्हणाली.

सोमवारी सकाळी दोन्ही तीरांवर मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती. महादेवराव नवा फेटा बांधून एका टोकाला, बशीरमियाँ शेरवानीत दुसऱ्या टोकाला, दोघांच्या मागे आपापले वाजंत्रीवाले. पण काम सुरू होईना, कारण तानुबाईनं सांगितलं, सीतादही केल्याशिवाय माझी एक बाई हात लावणार नाही. वऱ्हाडात वेचणी सुरू करायची तर आधी वावरात दगड मांडून पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, चारी दिशांना दही शिंपडायचं. महादेवराव वैतागले. "अवो बाई, ते वावरात! हे वावर हाय का?"

"वेचनी हाय ना?" तानुबाई म्हणाली.

तिनं वाळूत पाच दगड मांडले, हळद-कुंकू वाहिलं, गासड्यांवर दही शिंपडलं. आणि त्याच वेळी गर्दीतून काठीचा आवाज आला. काठीला खाली लोखंडी बोंड होतं.

गर्दी दुभंगली. धुळीनं भरलेला एक म्हातारा पुढे आला आणि थेट नत्थुजीसमोर उभा राहिला.

पातूरच्या बाजारात धामणपूरचा एक माणूस कुणा म्हाताऱ्याशी दुखवट्याचे दोन शब्द बोलला होता, "पुंजाराम मिस्त्री गेले म्हने, लेकानं चांगलं श्राद्ध घातलं." तो ज्याच्याशी बोलला तो म्हातारा पुंजारामच होता.

"काहून रे," पुंजाराम म्हणाला, "माह्या श्राद्धाले वडे लई नरम झालते म्हनतात. मले काहून नाई ठेवले?"

दोन्ही तीरांवर जे हसू फुटलं, त्यानं बैल बुजले. महादेवरावांना आपण दोनदा मागून घेतलेले वडे आठवले आणि ते ढगांकडे पाहू लागले. नत्थुजीला वाटलं, आता कमान पडलेली परवडेल. तानुबाई सासऱ्याच्या पाया पडली आणि डोक्यावर पदर ओढून म्हणाली, "मामाजी, वडे पुन्हा करतो. आता तुमच्या लेकाले कमानीखाली बसाचं हाय."

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. "कमान हे? यानं बांधली?" तो म्हणाला, आणि काठीचं बोंड वाळूत रोवून उभा राहिला. ते बोंड पाहून नत्थुजीची उरलीसुरली हिंमत गेली. पण पळायचं म्हटलं तर एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला बायको आणि भोवती दोन गावं. तो बिचारा गासड्यांच्या पायऱ्या चढायला लागला.

वीस बाया नदीच्या वरच्या अंगानं, वीस खालच्या अंगानं, अशा चढल्या. तरटं फाडली, ओट्या बांधल्या आणि वेचणी सुरू झाली. तानुबाई कमानीखालच्या रुईत हात घालून पहिली शिरली, मागून नत्थुजी रांगत गेला. आत पोहोचल्यावर तो गुडघे छातीशी घेऊन बसला. वर टीचभर अंतरावर त्याचेच दगड. चाळीस बाया त्याच्या आजूबाजूला वाकून रुई ओढत होत्या आणि तोंडानं त्यांचं चालूच होतं.

"मिस्त्री, गादी नरम हाय ना?"

"आज पोट कसं हाय, मिस्त्री?"

"जयवंता, पात सोडू नोको! तिकडची मागं राह्यली!" तानुबाई ओरडली.

एकाएकी वर 'कट्' असा आवाज झाला. चुन्याचा भुगा नत्थुजीच्या फेट्यावर सांडला. बायांचे हात थांबले. बाहेर जायची वाट नत्थुजीच्या उजव्या हाताला होती, आणि तो निम्मा वळलासुद्धा होता. वळता वळता त्याला तानुबाई दिसली. ती त्याच्याहून आत होती, ऐन चावीच्या दगडाखाली, आणि खांद्यावरचा भुगा झटकून पुढची मूठ ओढत होती. बाहेर सगळे नत्थुजीच्या धाडसाच्या गोष्टी करत होते. या चाळीस बाया त्याच कमानीखाली होत्या, पण त्यांना कुणी धाडसी म्हटलं नव्हतं, कारण त्या कामाला आल्या होत्या. नत्थुजीला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"तुले भेव नाई लागत?" त्यानं हळूच विचारलं.

"वीस वर्सं तुमी बांधलेल्या चुलीवर भाकरी करून राह्यली," तानुबाई म्हणाली. "एकदा बी ढासळली नाई. पाय काढा, पायाखालची रुई राह्यली."

नत्थुजीनं पाय काढले. मग तोही वेचायला लागला.

दुपारपर्यंत वरची ओळ सगळी निघाली. कमान एक बोट खाली बसली आणि थांबली. मग खालच्या मोकळ्या गासड्या बैलांनी भराभर ओढल्या आणि कमानीखालून पलीकडची नदी दिसायला लागली. बाया ओट्या भरून बाहेर पडल्या. त्या रुईचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, नाही तर राहून जाईल. दलालाची बातमी खोटी निघाली. भाऊ गोडच झाले होते. भाव असा पडला की महादेवरावांच्या फाडलेल्या गासड्यांना कुणी विचारेना. शेवटी ती रुई दोन्ही गावांतल्या लग्नांत गाद्यांत भरली गेली, आणि पुढची कितीतरी वर्षं धामणपूर आणि हसनगंजात पाहुण्यांच्या पाठी दुखल्या नाहीत.

पण त्या दुपारी कुणाला हे माहीत नव्हतं. त्या दुपारी सगळ्यांचे डोळे पुलावर होते, कारण आता पहिलं जायचं होतं. दोन वर्षं ज्याच्यासाठी भांडण चाललं होतं, तो मान समोर पडला होता. वाजंत्री वाजू लागली. महादेवरावांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि त्यांना आठवलं, की नवा पूल पहिल्या माणसाचा जीव ठेवून घेतो. अशी एक समजूत होती. समोर बशीरमियाँनाही तीच आठवण झाली होती.

"आधी तुमी जा, बशीरमियाँ," महादेवराव पलीकडे ओरडले. "बाजार तुमचा हाय!"

"छे छे, असं कसं! पहले आप," बशीरमियाँ ओरडले. "कापूस तं तुमचा हाय!"

वाजंत्रीवाले वाजवून वाजवून थकले. गर्दीतला प्रत्येक जण शेजारच्याला मान देत होता. इतकं सौजन्य त्या दोन गावांनी एकमेकांना ना आधी दाखवलं होतं ना नंतर दाखवलं.

तेव्हा काठी आपटत पुंजाराम पुढे झाला.

"सरका," तो म्हणाला. "माहं श्राद्ध तं होऊनच गेलं हाय. पूल ठेवून ठेवून माहं काय ठेवीन?"

म्हातारा पुलावर चढला.

नत्थुजी अजून खालीच होता. सगळे बाहेर पडले तरी तो मधल्या कमानीखाली वाळूत बसून राहिला होता. आपली कमान खालून कशी दिसते हे तो जन्मात पहिल्यांदा पाहत होता. वर त्याला काठी ऐकू आली. टक्. टक्. त्या आवाजानं तो पुन्हा वीस वर्षांचा झाला. पहिली कमान संपली, दुसरी संपली. काठी ऐन त्याच्या डोक्यावर येऊन थांबली. एकदा वाजली. दोनदा वाजली. तिसऱ्यांदा जोरानं वाजली. आता मान कलती करून म्हातारा ऐकत असणार. मग तो काहीतरी बोलला, पण ते खाली पोहोचलं नाही. काठी पुढे हसनगंजाकडे निघाली, आणि मागून दोन्ही गावं एकदम पुलावर लोटली.

सासऱ्याच्या मागोमाग पुलावर गेलेली तानुबाई आता वाळूतून धावत आली. तिच्या केसांत अजून रुई होती.

"काय म्हनले?" नत्थुजीनं विचारलं.

"अवो, बंड्या चालल्या वरून! बैल चालले!"

"बाबा काय म्हनले, तानू?"

तानुबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिला तो शब्द माहीत नव्हता, वीस वर्षांत तिला त्यानं तो सांगितला नव्हता. म्हणून तिनं ऐकलं होतं तसंच, साधं, सांगितलं.

"'पोकळ नाई' म्हनले."

नत्थुजी बसल्या बसल्या हळूच मागे सरकला आणि त्यानं पाठ आपल्याच खांबाला टेकवली.